पेडलच्या पुढं काय आहे?

दुपारी तीनच्या सुमाराला मेडिकलमध्ये माश्या मारायची वेळ असते. ओपीडी बंद, डॉक्टर जेवायला गेलेले, मिरजेतला हा आमचा दवाखान्यांचा रस्ता तेवढा एक तास आडवा होतो. मागच्या महिन्यात अशाच वेळी एक पोरगा काउंटरला आला. कॉलेजचा, पाठीवर गिटारची बॅग. म्हणाला, "काका, ती चौकोनी बॅटरी आहे का, ९ व्होल्टची?"

सतरा वर्षं दुकान चालवतोय, पण ही बॅटरी आमच्याकडं कुणी मागत नाही आणि आम्ही ठेवतही नाही. गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये माझी स्वतःची एक पडलेली असते तेवढीच. "कशाला पायजे?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मित्राचं पेडल आणलंय, वाजवून बघायचंय." झालं! त्यानंतर अर्धा तास कुणी खोकल्याचं औषध मागून कंटाळून गेलं असेल तर मला माहीत नाही.

त्याला ओव्हरड्राइव्ह घ्यायचा होता, म्हणजे गिटारची वायर ज्याच्यातनं जाते आणि जो पायानं दाबला की आवाज जरा फाटतो तो डबा. मोबाइलमध्ये सात-आठ व्हिडिओ साठवलेले. हिरवा घेऊ, पिवळा घेऊ, की तो सोनेरी डब्याची नक्कल असलेला घेऊ? मी विचारलं, "तुझ्या पेडलच्या पुढं काय आहे?"

"पुढं म्हणजे?"

"म्हणजे पेडलमधनं निघालेली वायर कुठं जाते?"

"स्पीकरला." कसला स्पीकर? तर घरातला, गाणी ऐकायचा, मागं ऑक्सची पिन असलेला.

मला माझाच २००४ सालचा गणपती आठवला.

तेव्हा आम्ही सांगली-मिरजेत ऑर्केस्ट्रात वाजवायचो. मुंबईच्या मावसभावाच्या हातापाया पडून बॉस कंपनीचा पिवळा एसडी-१ मागवला होता. माझं पहिलं पेडल. ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं स्पीकरवालं खोकं) नव्हता, भाड्याचा आणायला पैसे नव्हते आणि टेम्पोत जागाही नव्हती. कीबोर्डवाला जसा थेट मिक्सरला लावतो तशी मीही पेडलची वायर थेट मिक्सरला खुपसली. घरी हेडफोनवर तासभर सराव करून गेलो होतो, ड्राइव्हचा, म्हणजे आवाज किती फाडायचा त्याचा, नॉब पार उजवीकडं. पहिल्याच गाण्यातला गिटारचा पीस आला, मी टाचेनं पेडल दाबलं, आणि साउंडवाले मामा माइकवरनं सगळ्या मंडळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ओ गिटार, माशी शिरलीया काय त्यात?" आणि मिक्सरवरची माझ्या आवाजाची पट्टी खाली. उरलेला कार्यक्रम मी नुसता हातवारे करत उभा.

मामांचं काही चुकलं नव्हतं. मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखाच आवाज होता तो. पेडलचंही काही चुकलं नव्हतं. ओव्हरड्राइव्ह स्वराच्या लाटेचा माथा चपटा करतो, आणि माथा चपटा झाला की त्या स्वराच्या वर नवे उपस्वर तयार होतात, पार वरपर्यंत. गिटारच्या ॲम्पमधला १२ इंची कागदी स्पीकर ५ हजार हर्ट्‌झच्या आसपास दमतो, त्याच्या वरचं फारसं बाहेर येऊच देत नाही. म्हणजे तो नुसता भोंगा नाही, चाळण आहे. मंडपातल्या मोठ्या स्पीकरांना मात्र वरच्या आवाजासाठी वेगळा हॉर्न असतो. तो १५ हजारांपर्यंतचं सगळं इमानदारीनं लोकांच्या कानात ओततो. ॲम्प काढला तेव्हा मी चाळणच काढली होती. घरच्या हेडफोनचंही तेच, पण घरी आपण आपल्या आवाजाच्या प्रेमात असतो.

पुढच्या वर्षी मामांनीच उपाय सांगितला. एक १५ वॉटचा सरावाचा ॲम्प खुर्चीवर ठेवायचा, त्याच्यापुढं गाण्याचाच माइक आडवा धरून बांधायचा. माइक स्पीकरच्या बरोब्बर मध्यावर लावला की टोचतं, चार बोटं कडेला सरकवला की गोड होतं. हे मी पुस्तकात नंतर वाचलं, मामांनी सुतळीनं बांधून आधी दाखवलं. आता त्या ॲम्पच्या जागी पायाशी एक डबी असते, तिच्यात गिटारच्या स्पीकर-खोक्याचा स्वभाव नोंदवून ठेवलेली फाइल असते. मिक्सरला जायच्या आधी वायर तिच्यातनं जाते. काम चाळणीचंच. तुमच्याकडं ॲम्प नसेल तर पेडलच्या आधी ही डबी घ्या, असं मी त्या पोराला सांगितलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. चाळणीचे व्हिडिओ कोण बघतंय!

ओव्हरड्राइव्ह म्हणजे नेमकं काय, हे मला कळलं ते मात्र गिटारवाल्याकडनं नाही. मिरजेत सतार-तंबोऱ्याची घरं आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. अशाच एका कारखान्यात मी लहानपणी तासन्‌तास बसायचो. तिथले एक म्हातारे कारागीर जवारी काढायचे. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरनं जातात ती पट्टी, सपाट, रुंद असते. तिचा माथा कानशीनं असा उतरवायचा की तार एका बिंदूवर टेकत नाही, उतारावर घासत-घासत सुटते. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा, त्याला जीव म्हणतात. जीव नसताना तार नुसती 'टण्ण' वाजते. दोरा केसभर पुढं-मागं केला आणि जागा सापडली की त्याच तारेतनं उपस्वरांचा झरा फुटतो. ते कानशीचे दोन हात मारायचे, ऐकायचे, पान चावायचे, परत एक हात मारायचे. सतारीला 'खुली जवारी' आणि 'बंद जवारी' म्हणतात. खुली म्हणजे झणझणीत, बंद म्हणजे गोल, आवरलेली. कुठली चांगली असं त्यांना विचारलं तर म्हणायचे, "वाजवणार कोन हाय?"

पेडलचे तीन नॉब (ड्राइव्ह, टोन आणि आवाज मोठा-लहान करायचा लेव्हल) घेऊन बसलो की मला ती कानस दिसते. साध्या तारेच्या आवाजावर उपस्वर चढवायचे, पण तार मरू द्यायची नाही. फार घासलं की घोडी वाया जाते. ड्राइव्ह फार फिरवला की सगळ्या कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजवलेल्या स्वरांचा, लगदा होतो.

हिरवा म्हणजे ट्यूब स्क्रीमर, ही माझ्या लेखी बंद जवारी. आयबानेझच्या नावानं विकला गेला, जपानच्या मॅक्सनकडं बनला. टीएस-८०८ हे मॉडेल १९७९ चं, आखणी सुसुमू तामुरा यांची. बॉसचा ओडी-१ त्याच्या दोन वर्षं आधीचा, १९७७ चा, आणि माझा पिवळा एसडी-१ त्याच ओडी-१ चा १९८१ चा धाकटा भाऊ. हिरव्याची एक नक्कल मी उघडून, नकाशा समोर ठेवून बघितलीय. आत बघण्यासारखं फार काही नसतं. ४५५८ नावाची आठ पायांची चिप, ती चहाच्या कपाच्या भावात मिळते. दोन साधे सिलिकॉन डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे), तोंडं उलटसुलट. थोडे रेझिस्टर, थोडे कपॅसिटर.

पण त्यातला हिशोब मजेदार आहे. चिप आवाज किती पट वाढवते ते ४.७ किलोओहमच्या एका रेझिस्टरवर आणि ५१ किलोओहम अधिक ड्राइव्हचा ५०० किलोओहमचा नॉब यांच्यावर ठरतं. नॉब पूर्ण फिरवला तर साधारण ११८ पट. आणि नॉब शून्यावर असेल तर? ५१ भागिले ४.७, अधिक १. बारा पट! म्हणजे ड्राइव्ह 'शून्य' म्हणजे शून्य नाहीच. डायोड साधारण ०.६ व्होल्टला वाट मोकळी करतात आणि लाटेचा माथा तिथंच चपटा होतो; गिटारमधनं जोरात वाजवल्यावर १०० मिलिव्होल्ट तर सहज निघतात. बारा पट केले की १.२ व्होल्ट. तेव्हा शून्यावरसुद्धा जोरात पिक मारलं की थोडं करकरतं, हळू मारलं की स्वच्छ. मला हे कागदावर मांडल्यावर इतका आनंद झाला की बायकोला उठवून सांगितलं. तिचं उत्तर इथं लिहीत नाही.

दुसरी गोष्ट, ही बारा किंवा ११८ पट सगळ्या स्वरांना सारखी मिळत नाही. त्या ४.७ च्या जोडीला एक कपॅसिटर आहे, दोघं मिळून ७२० हर्ट्‌झच्या खालच्या भागाला कमी-कमी वाढवतात. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्‌झला वाजते, म्हणजे तिच्या मूळ खर्जाला ही वाढ फारच थोडी मिळते. त्यानंतर लगेच वरचे उपस्वरही छाटले जातात. उसाचं वाढं तोडलं, बुडखा तासला, उरलं ते मधलं कांडं. म्हणून ट्यूब स्क्रीमर 'मधल्या'चा पेडल. शिवाय डायोड चिपच्या परतीच्या वाटेवर बसलेले असल्यामुळं मूळ स्वर खालून चालूच राहतो, चपटा झालेला त्याच्यावर चढतो. पिकची टोच मरत नाही ती त्यामुळं. एसडी-१ मध्ये रचना जवळजवळ तीच, फक्त एका बाजूला दोन डायोड, दुसऱ्या बाजूला एक. लाट वर वेगळी आणि खाली वेगळी कापली जाते, त्यामुळं सम उपस्वरही (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट असे) मिसळतात. माझ्या कानाला तो जरा खरखरीत, रांगडा वाटतो. आमच्या पाण्याचा म्हणा.

हे 'मधलं कांडं' दुकानात वाजवून बघितलं की नको वाटतं, आणि इथंच लोक फसतात. दुकानात तुम्ही एकटे असता. ढोलकी नाही, बेस नाही, गायक नाही. एकट्यानं ऐकलं तर ट्यूब स्क्रीमर सर्दी झालेल्या माणसासारखा नाकात बोलतो. मग शेजारचा पेडल लावता, त्याला खाली दणदणीत खर्ज, वर चमचम, आणि खूश होऊन तोच घेऊन येता. मीही आणला होता एक. बँडमध्ये गेलो, बेसवाल्यानं माझा खर्ज खाल्ला, झांजांनी वरची चमचम खाल्ली, कीबोर्डवाल्यानं उरलंसुरलं. पिवळा लावला तर तोच नाकातला आवाज गायकाच्या बाजूनं वाट काढत पार शेवटच्या खुर्चीपर्यंत. अमेरिकेतला ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे व्हॉन फेंडरच्या ॲम्पसमोर ट्यूब स्क्रीमर ठेवायचा यात नवल नाही; त्या ॲम्पचा मधला भाग मुळात खोलगट, आणि हे पेडल नेमकं तिथंच भर घालतं. खड्डा तिथं मुरूम.

म्हणूनच माझा तो प्रश्न. पुढं व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प असेल आणि त्याचा आवाज आधीच फाटायच्या बेतात असेल तर ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल भरपूर. पेडल स्वतः आवाज फारसा फाडत नाही, ॲम्पला ढुशी देतं आणि खर्ज आवरतं. हेवी मेटल वाजवणारी पोरं हेच करतात. एवढा फाटका आवाज असताना ड्राइव्ह शून्यावर का, म्हणून लोक चक्रावतात. पण आपल्याकडं स्टेजवर भाड्यानं येतो तो बऱ्याचदा रोलँडचा जाझ कोरस १२०. १९७५ पासूनचं मॉडेल, ट्रान्झिस्टरवाला, काचेसारखा स्वच्छ. त्याला कितीही ढुशी द्या, तो काही वितळत नाही. तिथं सगळं काम पेडललाच करावं लागतं, तेव्हा ड्राइव्ह अर्ध्याच्या पुढं, आणि तिथं मला बॉसचा निळा बीडी-२ हिरव्यापेक्षा जास्त आवडतो. खुली जवारी. टोनचा नॉब मात्र घड्याळातल्या दहाच्या जागी ठेवायचा, नाहीतर पहिल्या रांगेतली माणसं कानात बोटं घालतात. घरात पाच-दहा वॉटचा सरावाचा ॲम्प असेल आणि त्याच्यावरच 'गेन'चं बटण असेल तर सहा महिने काहीच घेऊ नका. खरंच.

दुकानात गेलात तर स्वतःची गिटार न्या. सिंगल कॉइलवाल्या (तारांचा आवाज पकडणारं एकच वेटोळं असलेल्या) गिटारला जो पेडल मऊ वाटतो तोच हमबकरला (जोडवेटोळ्यावाल्या गिटारला) गिळून टाकतो. आणि नॉब लावताना पहिल्यांदा लेव्हल असा ठेवा की पेडल चालू-बंद केल्यावर आवाज सारखाच मोठा राहील. हे कुणी करत नाही. आवाज जरा वाढला की कानाला 'वा!' वाटतंच, त्यात पेडलचं कर्तृत्व काही नसतं. बरोबरी झाली की मग बघा काय बदललंय. नंतर गिटारचाच व्हॉल्यूम दहावरनं सहावर आणा. चांगल्या ओव्हरड्राइव्हमध्ये इथं आवाज निवळला पाहिजे, पावसानंतर कृष्णेचं पाणी निवळतं तसा. हे जमत असेल तर पेडल चालूच ठेवून अख्खं गाणं नुसत्या करंगळीनं वाजवता येतं: कडव्याला सहा, पीसला दहा. मला विचाराल तर पेडलचा खरा नॉब गिटारवर असतो.

सोनेरी डब्याबद्दल थोडक्यात. क्लॉन सेंटॉर १९९४ पासून अमेरिकेत बिल फिनेगन यांनी आठ हजारांच्या आसपास बनवले, आतलं सर्किट कळू नये म्हणून त्याच्यावर राळ ओतलेली. आज जुना डबा घ्यायचा तर लाखांत जातो. राळ शेवटी खरवडली गेलीच, आणि नकला बाजारात पैशाला पासरी. एक नक्कल मित्राकडं आहे. एका रविवारी मी पाठ फिरवून बसलो आणि त्यानं मला न सांगता तीन पेडल अदलून-बदलून वाजवले. दहापैकी चार वेळा ओळखलं. तेव्हापासून मी या विषयावर गप्प असतो.

विजेचं सांगतो, कारण यात मी पैसे घालवलेत. ही पेडलं ९ व्होल्टवर चालतात आणि ॲडॉप्टरच्या पिनचं मधलं टोक ऋण लागतं. घरातल्या इंटरनेटच्या डब्याचा ॲडॉप्टर दिसायला तस्साच, पिनसुद्धा छान बसते. पण तो १२ व्होल्टचा आणि मधलं टोक धन. एकदा कार्यक्रमाला निघायच्या घाईत मी तोच उचलला. 'फट्' झालं, जळक्या वासाचा एक बारीक धागा वर आला. चौकातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितलं, उलट्या विजेपासून वाचवणारा डायोड स्वतः मरून बाकीच्यांना वाचवून गेला होता. नवा घातला, वीस रुपये घेतले आणि विचारलं, "ह्यो डबा करतोय काय?" मी सांगितलं, आवाज फाडतो. म्हणाले, "आणि त्याला पैसं दिलं तुम्ही?"

मंडपात जनरेटर असेल तर मी आजही बॅटरीच वापरतो. ॲडॉप्टरमधनं येणारी भुणभुण पेडल आणखी मोठी करून देतं. माझ्या पिवळ्यासारख्या पेडलला दहा मिलिॲम्पिअरही लागत नाहीत, बॅटरी कितीतरी कार्यक्रम निघते. फक्त एक लक्षात ठेवायचं. यांना चालू-बंदचा वेगळा खटका नसतो. पायाखालचं बटण आवाज बदलतं, वीज तोडत नाही. गिटारची वायर 'इनपुट'मध्ये घातली की बॅटरी सुरू, काढली की बंद. वायर तशीच राहिली तर पेडल बंद दिसतं आणि रात्रभर बॅटरी पीत बसतं.

हे सगळं त्या पोराला एका दमात सांगितलं नाही, तेवढी अक्कल आहे. रविवारी घरी बोलावलं. माळ्यावरचा तो जुना १५ वॉटचा ॲम्प काढला, त्याची गिटार लावली, मधे माझा पिवळा. त्यानं आल्या-आल्या ड्राइव्ह पार उजवीकडं फिरवला. मी काही बोललो नाही. पाच मिनिटं वाजवू दिलं. मग मोबाइलवर नुसत्या ढोलकी आणि बेसचा ट्रॅक मोठ्यानं लावला. त्याचा हात आपोआप थांबला. ऐकूच येईना त्याला स्वतःचं. "आता ड्राइव्ह शून्य कर, लेव्हल घड्याळातल्या तीनवर आण."

"शून्य? मग पेडल कशाला, काका?"

"कर तर."

केलं. एक कॉर्ड मारली, माझ्याकडं बघितलं, परत मारली, या वेळी जोरात. मग हळू. मग परत जोरात. दहा मिनिटं तो ती एकच कॉर्ड कमी-जास्त जोरानं मारत होता. कारखान्यातले म्हातारबुवा असते तर त्यांनी पान लावलं असतं.

जाताना पेडल आठवडाभरासाठी मागितलं. दिलं, आत नवी बॅटरी घालून दिली, वायर काढून ठेवायचं दोनदा बजावलं. काल संध्याकाळी परत आणून दिलं. पिशवीतनं पेडल काढलं तर वायर इनपुटला तशीच लटकत होती.